दहा महिने बॉइंक चालवलं: परभणीचं ऊन, इन्व्हर्टर आणि जर्मन पल्सार

मागच्या ऑगस्टपासून घरच्या जुन्या डेस्कटॉपवर बॉइंक चालवतोय, म्हणजे कॉम्प्युटरचा रिकामा वेळ विज्ञानाच्या कामाला देणारा प्रोग्राम. त्यात प्रोजेक्ट एकच, आईनस्टाईन ॲट होम, जो पल्सार म्हणजे वेगाने फिरणारे मेलेले तारे शोधतो. मशीन म्हणजे फोर्थ जनरेशनचा आय-फाईव्ह आणि सेकंडहँड घेतलेलं जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, फार काही नाही. प्रोग्राम काय करतो तर सर्व्हरवरून कामाचा एक तुकडा उतरवतो, आपला प्रोसेसर रिकामा बसलेला असतो त्या वेळात त्यावर गणित करतो, उत्तर परत पाठवतो आणि पुढचा तुकडा घेतो. पैसे मिळत नाहीत. क्रेडिट म्हणून नुसते आकडे वाढतात, त्याचा चहासुद्धा येत नाही. हे आधीच सांगतो कारण कार्ड साफ करायला नेलं तेव्हा दुकानातल्या काकांनी पहिला प्रश्न हाच केला, "मायनिंग करता काय?" (म्हणजे कॉम्प्युटरवर बिटकॉइनसारखं चलन कमावणं) आणि नाही म्हटलं तर त्यांना पटलंच नाही.

सुरुवात खरं तर सेटीपासून, म्हणजे परग्रहावरचे सिग्नल शोधणाऱ्या प्रोजेक्टपासून करायची होती, कॉलेजात असताना सिनियरच्या मशीनवर ते ग्राफ बघितलेले, पण त्यांनी ३१ मार्च २०२० लाच काम वाटणं थांबवलं. मग आईनस्टाईन निवडलं, त्याचं कारण जरा घरचं आहे. हा प्रोजेक्ट लायगोचा, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचा डेटा तपासतो, आणि भारतातली लायगो होणार आहे ती आमच्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला. केंद्राची २६०० कोटींची मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये आली. लहानपणापासून नागनाथाच्या दर्शनाला जातो त्या गावाजवळ ४-४ किलोमीटरचे दोन हात उभे राहणार म्हटल्यावर आपणही काहीतरी करावं असं वाटलं. त्यात प्रोजेक्टचा बराच कारभार जर्मनीत हॅनोवरला, मॅक्स प्लांक संस्थेत. जगात जर्मनी भारतात परभणी, आता अजून काय पाहिजे!

आता खरा अनुभव. पहिला महिना मी येड्यासारखं २४ तास, सगळे कोअर आणि ग्राफिक्स कार्ड सगळं फुल सोडलं. प्लगला लावायचा मीटर मित्राकडून आणून बघितलं तर मशीन नुसतं चालू असताना ४५ वॅट आणि काम चालू असताना १७० च्या आसपास. म्हणजे दिवसाला ३ युनिट जास्त, महिन्याला ९०. आमचं बिल एरवी १०० युनिटच्या आतबाहेर असायचं, आणि १०० च्या पुढच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट, त्यामुळे जे वाढलं ते सगळं महागातलं वाढलं. बाबांनी बिल हातात घेऊन फक्त "फ्रीज बिघडला का?" एवढंच विचारलं. "तुमचा कॉम्प्युटर रिकामाच असतो, तो दान करा" असं लोक म्हणतात ना, ते अर्धंच खरं आहे. रिकामा प्रोसेसर कमी वीज खातो, कामाला लावला की जास्त खातो. म्हणजे दान विजेचंच आहे, हे कळून करावं.

दुसरा राडा इन्व्हर्टरचा. बॉइंकमध्ये बॅटरीवर असताना थांबायचं सेटिंग आहे, मी ते लावून निश्चिंत झोपलो. पण ते लॅपटॉपला कळतं, डेस्कटॉपला लाईट मेनमधून येतेय की इन्व्हर्टरमधून हे कुठून कळणार? रात्री दीडला लाईट गेली, मशीनने इन्व्हर्टर पिऊन टाकला आणि साडेतीनला घरातले सगळे पंखे बंद. आई उठून बसली आणि म्हणाली, "तुझ्या त्या जर्मनीवाल्यांना सांग आमच्याकडे डास आहेत." दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवरून काढला. लाईट गेली की मशीन धाडकन बंद होतं, पण प्रोग्राम मधेमधे चेकपॉईंट करतो, म्हणजे झालेलं काम सेव्ह करतो, म्हणून काम फारसं वाया जात नाही.

सेटिंगबद्दल दोन गोष्टी, ज्या मला उशिरा कळल्या. सीपीयू टाईम (प्रोसेसरने किती वेळ काम करायचं ते) ६० टक्के केला तर प्रोग्राम सतत थांबतो-चालतो आणि फॅनचा आवाज खालीवर होत राहतो, डोकं उठतं. त्यापेक्षा ४ पैकी २ कोअर द्या आणि टाईम १०० ठेवा. आणि कामाचा साठा १० दिवसांचा घेऊ नका. मी घेतला, दिवाळीत गावाला गेलो, परत येईपर्यंत ११ तुकड्यांची मुदत संपलेली. मुदत संपली की ते काम दुसऱ्याला जातं, म्हणजे आपण नुसतं अडवून ठेवलं. आता अर्ध्या दिवसाचा साठा आणि वेळ रात्री ११ ते सकाळी ७. महिन्याला साधारण ३० युनिट पडतात, बाबांना चालतंय.

मोबाईलवर पण टाकून बघितलं. तिथे बॅटरी ४० डिग्रीच्या वर गेली की काम थांबतं. एप्रिलपासून आमची हवाच ४० च्या वर, त्यामुळे ॲप दुपारभर नुसतं बसून. काढून टाकलं.

मग मिळतं काय? स्क्रीनसेव्हर झकास आहे, तारे आणि पल्सार दाखवत आकाशाचा गोल फिरत राहतो, भाचा त्यासाठीच येऊन बसतो. बाकी माझ्या मशीनला काही सापडलेलं नाही आणि सापडेलच असं नाही. पण २०१० मध्ये याच प्रोजेक्टमध्ये पोर्टो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीच्या डेटातून सेकंदाला ४१ वेळा फिरणारा पल्सार मिळाला, तो अमेरिकेतल्या आयोवाच्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या माइन्झच्या एका माणसाच्या मशीनवर. एकच तुकडा दोन वेगळ्या मशीनला देतात आणि उत्तरं जुळली तरच धरतात, म्हणून दोन ठिकाणं. माझ्या यादीत कुणा अनोळखी माणसाच्या उत्तराची वाट बघत 'पेंडिंग' पडलेले तुकडे दिसले की मला उगाच बरं वाटतं, कोण असेल हा, त्याच्याकडे थंडी असेल, त्याची खोली तरी गरम होत असेल.

लॅपटॉपवर, त्यातून गादीवर ठेवून वापरणाऱ्यांनी हे करू नये. डेस्कटॉप असेल, मीटर लावून बघायची तयारी असेल आणि घरात कुणी बिल वाचत असेल तर त्यांना आधी सांगून करा.

सध्या मे चालू आहे, दुपारी ४३, रात्रीसुद्धा खोली तापलेली, म्हणून 'नो न्यू टास्क' दाबून, म्हणजे नवीन काम घेणं थांबवून, मशीन बंद ठेवलंय. मृग लागला, दोन पाऊस पडले की परत चालू करतो, त्याआधी ब्लोअर आणून हीटसिंकमधली धूळ काढायचीय.