ग्रँडस्ट्रीम एचटी८०१: अडॅप्टर चांगला, पण एको घालवायला सेटिंगमध्ये हात घालावा लागतो

जुना लँडलाइन फोन इंटरनेटवरच्या एसआयपी लाइनला (म्हणजे इंटरनेटवरून कॉल लावणाऱ्या सेवेला) जोडायचा असेल, तर एचटी८०१ हा एका फोनपुरता अडॅप्टर घ्यायला हरकत नाही. नेटवर्कची एक केबल, फोनची एक वायर, ५ व्होल्टचा पुरवठा, एवढ्यावर काम होतं. आवाज स्वच्छ असतो. एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते: पलीकडचा माणूस म्हणतो, "माझंच बोलणं मला परत ऐकू येतंय."

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. एको ज्याला ऐकू येतो, त्याचा फोन बहुधा ठीक असतो. आवाज परततो तो समोरच्या टोकावरून. म्हणजे पलीकडच्याला त्रास होत असेल तर आपला अडॅप्टर किंवा फोन तपासायचा. आपल्यालाच आपला आवाज येत असेल तर एचटी८०१मध्ये कितीही शोधलं तरी काही सापडणार नाही, पलीकडचा स्पीकरफोन बंद करायला सांगावं.

साध्या फोनला जाणारा आणि येणारा आवाज एकाच दोन तारांवरून वाहतो. अडॅप्टरमध्ये तो वेगळा करावा लागतो, आणि फोनचा इम्पिडन्स (आवाजाच्या विद्युत लहरींना होणारा विरोध) अडॅप्टरच्या अपेक्षेशी जुळला नाही की आलेल्या आवाजाचा काही भाग परत फिरतो. जुन्या कॉपर लाइनवरही हे व्हायचं, पण गावातल्या गावात आवाज इतक्या लवकर परतायचा की कानाला कळायचं नाही. एका बाजूचा विलंब साधारण २५ मिलिसेकंदांपलीकडे गेला की एको आवरावा लागतो, आणि इंटरनेटवर ती मर्यादा सहज ओलांडली जाते.

आधी एक चाचणी. कॉल चालू ठेवून रिसीव्हरची गुंडाळी वायर रिसीव्हरपासून काढा आणि पलीकडच्याला बोलत राहायला सांगा. एको थांबला, तर रिसीव्हरमधल्या स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरत होता. फोनचा व्हॉल्यूम उतरवा किंवा फोन बदला. एको तसाच राहिला, तर दोष लाइनचा.

लाइनचा दोष असेल तर फोनवरून *** दाबा, सूचना ऐकू आली की ०२; अडॅप्टर आपला आयपी पत्ता वाचून दाखवतो. तो ब्राउझरमध्ये टाकून एफएक्सएस पोर्टचं, म्हणजे फोन जिथे जोडतो त्या खाचेचं, पान उघडा. तिथलं 'स्लिक सेटिंग' (अडॅप्टरने कोणत्या इम्पिडन्सचा फोन धरून चालायचं ते) मुळात 'यूएसए १' म्हणजे ६०० ओहमवर असतं. आपल्याकडचा फोन त्याच्याशी जुळेलच असं नाही. यादीत 'इंडिया/न्यूझीलंड' आहे, ते निवडा, सेव्ह करून अडॅप्टर रीस्टार्ट करा आणि पुन्हा कॉल लावून पाहा. बाहेरून आणलेला फोन असेल तर 'यूएसए १' किंवा युरोपचा पर्यायच जास्त जमू शकतो. निर्णय पलीकडच्याच्या कानांवर सोडा.

त्याच पानावर लाइन एको कॅन्सलर, म्हणजे परतणारा आवाज पुसणारी सोय, बंद करण्याचा पर्याय असतो. फॅक्ससाठी कुणीतरी तो 'येस' करून ठेवतो आणि मग बोलण्याचे हाल होतात. तो 'नो'च हवा. गेन (आवाज किती मोठा करायचा ते सेटिंग) वाढवलेला असेल तर एकेक पायरी खाली आणा: आवाज फाटायला लागला की कॅन्सलरला त्याचा माग काढता येत नाही. कॉलच्या सुरुवातीचा सेकंदभर एको येऊन विरला, तर कॅन्सलर लाइन शिकत असतो; तो बिघाड समजू नये.

एकाच पोर्टवर स्प्लिटर लावून तीन खोल्यांत तीन फोन जोडणं हे फार मोठं, आणि फार दुर्लक्षित कारण आहे. एक फोन ठेवून बाकीचे काढा आणि तेव्हाच सेटिंगची परीक्षा घ्या.

बफर (आलेला आवाज सलग वाजावा म्हणून क्षणभर साठवण्याची सोय) 'हाय'वरून कमी केल्यास विलंब घटतो आणि एको कमी बोचतो, पण त्याचं मूळ जात नाही. वायफाय अस्थिर असेल तर शब्दही तुटतील. म्हणून राउटरपासून केबलच वापरावी.

कुणी घेऊ नये? ज्यांना बाहेरून येणारी टेलिफोन लाइन जोडायची आहे त्यांनी. एचटी८०१चं पोर्ट फक्त फोनसाठी आहे. त्यात चालू लँडलाइनची वायर खोचली तर अडॅप्टर जळू शकतो. त्या कामाला एचटी८१३ आहे. दोन फोन चालवायचे असतील तर एचटी८०२ बघा.