लेझर कटिंगच्या नावाखाली 62,480 रुपये गेले, अ‍ॅडव्हान्स टाकायच्या आधी वाचा

फॅब्रिकेशनवाले, शेतीची अवजारं बनवणारे यांच्यासाठी लिहितोय. लाज वाटते, घरी अजून पूर्ण आकडा सांगितला नाही. पण आमच्याच भागातल्या दुसऱ्या वर्कशॉपवाल्याला मला फसवणाऱ्या याच माणसाचा फोन आला हे कळलं आणि मग गप्प बसवेना.

माझं वर्कशॉप वऱ्हाडात, तालुक्याच्या गावापासून आत. मृगाच्या आधी ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रांची ऑर्डर होती, 20 नग. पेटीच्या 2 एमएम साइड प्लेटा आणि फणाचे 6 एमएम क्लॅम्प, सगळं मिळून टनभर माल. गॅस कटरने कापलं की कडा खडबडीत निघतात, मग ग्राइंडर घेऊन घासत बसा, भोकं ड्रिलवर मारा, आणि लाइटीचं आमच्याकडं काय आहे ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणून यावेळी लेझरवर करून घ्यायचं ठरवलं. अमरावतीच्या ओळखीच्या माणसाने पत्र्यासकट 88 रुपये किलो सांगितले. ऑनलाइन एक सापडला, पत्ता नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीचा, रेट 72. सरळ 16,000 वाचत होते, आणि ज्यांना 16,000 म्हणजे किरकोळ वाटतात त्यांनी कृपया मला शहाणपण शिकवू नये.

डोळे झाकून पैसे टाकले असंही नाही. कोटेशनवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून पाहिला, चालू होता, नाव जुळलं, पत्ताही जुळला. नंबर खराच होता हो, फक्त दुसऱ्याचा होता. त्या खऱ्या कंपनीवाल्यांना नंतर फोन लावला तर ते माझ्याआधीच वैतागलेले, म्हणे असे फोन रोजच येतात. तेव्हा पोर्टलवर नाव दिसलं म्हणून समोरचा तोच आहे असं धरू नका, कंपनीचा नंबर वेगळीकडून काढून तिथं विचारा.

आता जिथं मला कळायला पाहिजे होतं ते सांगतो, आठवलं की आजही डोकं गरम होतं.

ड्रॉइंग तालुक्याच्या पोराकडून करून घेतलं होतं. लेझर मशीनला द्यायच्या डीएक्सएफ ड्रॉइंग फाइलमध्ये त्याने कापायच्या आणि वाकवायच्या रेघा एकाच लेयरमध्ये, एकाच रंगात टाकल्या. मशीनला काय कळतं, फाइलमध्ये रेघ आहे म्हटल्यावर ती कापणार. म्हणून खरा जॉबवर्कवाला असली फाइल उघडली की आधी फोन करतो, भाऊ यातली बेंडिंगची कोणती? वरून मी क्लॅम्पमध्ये पिनेसाठी 4 एमएमचं भोक दिलं होतं आणि खाली लिहिलं होतं, पंचिंगने, म्हणजे प्रेसवर दाबून, मारलं तरी चालेल. 6 एमएम प्लेटमध्ये 4 चा पंच! पंचाचं भोक जाडीपेक्षा लहान ठेवत नाहीत, नाहीतर पंचच तुटतो, हे पंचिंगवर काम करणारा कोणताही पोरगा सांगेल. हा पठ्ठ्या म्हणतो, "हो जायेगा सेठ, टेन्शन मत लो." 2 एमएमची साइड प्लेट एचआर (गरम रोल केलेली) पाहिजे की सीआर (थंड रोल केलेली), तेही विचारलं नाही. अमरावतीवाल्याने प्रश्न विचारून विचारून डोकं खाल्लं होतं आणि मला वाटलं, हा नागपूरवाला किती अनुभवी, एकही शंका नाही! अरे त्याला कापायचंच नव्हतं तर शंका येणार कुठून.

बिल 72,000 अधिक 18 टक्के जीएसटी, 84,960. निम्मे म्हणजे 42,480 अ‍ॅडव्हान्स टाकले. खातं एका बाईच्या नावाचं सेव्हिंग खातं, "पार्टनर का है, करंट में लिमिट का इश्यू है." हे ऐकलं की तिथंच फोन ठेवा. मग प्लेटचा रेट वाढला म्हणून उरलेल्या बिलातले 20,000 अजून आधीच मागितले. हंगाम डोक्यावर, शेतकऱ्यांचे बयाने घेतलेले, टाकले. त्यानंतर "आपका माल" म्हणून व्हिडिओ आला. ठिणग्या उडताहेत, मशीन झकास, पण खालचा पत्रा चकचकीत स्टेनलेस. माझी एचआर प्लेट काळी-निळसर असते, वर पापडी असते. तेव्हा म्हटलं उरलेले 22,480 मी उद्या स्वतः येऊन देतो, माल काट्यावर मोजून घेतो. फोन बंद, व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक.

सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार घेतली गेली, यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) जवळ ठेवा, पहिले तेच विचारतात. आणि पहिल्या तासात लावा. मी "एखादवेळी चार्जिंग संपलं असंल" करत बसलो.

पुढचं ऐका. ठाण्यात साहेब म्हणाले, "भाऊ, हे तं तुमचं आपसातलं देणंघेणं हाय, दिवाणीत जा." मी 420 म्हटलं तर त्यांनी दुरुस्त केलं, आता फसवणुकीला 420 नाही, नव्या न्याय संहितेचं 318 आहे. कलम बरोबर पाठ, एफआयआर मात्र नाही! जिल्ह्याला सायबरला जा म्हणून सांगितलं. तिथं गेलो तर म्हणे आधी तुमच्या ठाण्याचं पत्र आणा. ठाण्यातला माणूस बंदोबस्तावर. बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणतात ओटीपी तुम्हीच टाकला ना, मग यात बँक काय करणार. अहो, ज्या खात्यात गेले त्याला केवायसी कोणी केलं? त्याचं उत्तर "ती दुसरी बँक आहे". ज्या साइटवर हा सापडला त्या लिस्टिंगवाल्यांना मेल केला तर तिकीट नंबर आला, त्यानंतर काही नाही. एकाने तर माझ्यासमोर हसत विचारलं, 72 मध्ये लेझर कटिंग कुठं मिळते का? मिळत नाही हे मला आता कळलंय साहेब, त्यासाठी तुमच्याकडं आलो नव्हतो.

त्या खात्यात 3,116 रुपये होल्ड झालेत. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल असं तेव्हा मला सांगितलं, आणि वकिलाची फी त्याच्याहून जास्त.

सँपलचा एक नग पैसे देऊन आधी कापून घ्या. ड्रॉइंगमध्ये मुद्दाम एक चूक ठेवा आणि पाहा विचारतो का. नागपूरला कोणाचा भाचा-पुतण्या शिकायला असेल तर त्याला पाठवून शेड दाखवून घ्या, मी ते केलं नाही कारण पोराची परीक्षा होती.

लिस्टिंग आता वेगळ्या नावाने आहे, व्हिडिओ तोच स्टेनलेसवाला, रेट 70, सोबत पावडर कोटिंग फुकट. कोणाचं बोलणं चालू असेल तर आज पैसे टाकू नका.