समस्थानिकांचा भित्तितक्ता : छपाई उत्तम, इलेक्ट्रॉनांची दखल मात्र अपुरी

आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेसाठी गेल्या जूनमध्ये आम्ही समस्थानिकांचा (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंचा) एक मोठा भित्तितक्ता आणि त्यासोबतची मराठी पुस्तिका असा संच १,८०० रुपयांना घेतला. वर्षभर तो भिंतीवर आहे आणि त्यावर बोट ठेवून रोज कोणी ना कोणी काही विचारत असते, त्यामुळे त्याविषयी आता जबाबदारीने लिहिता येईल.

तक्ता म्हणून वस्तू देखणी आणि टिकाऊ आहे. १९५८ साली कार्ल्सरूह येथे निघालेल्या तक्त्याने रुळवलेलीच रंगपद्धत येथे वापरली आहे : स्थिर समस्थानिक काळे, इलेक्ट्रॉन बाहेर टाकणारे निळे, इलेक्ट्रॉन ग्रहण करणारे किंवा पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित जोडीदार) सोडणारे लाल आणि अल्फा ऱ्हासाचे, म्हणजे हेलियमचे केंद्रक बाहेर टाकणारे, पिवळे. शेवटच्या बाकावरूनही रंग ओळखू येतात, आणि संपूर्ण पावसाळा काढूनही लॅमिनेशनला कोठे पोपडा धरलेला नाही.

माझा आक्षेप पुस्तिकेतील एका वाक्यावर आहे. तापमान, दाब वा रासायनिक बंध यांपैकी कशाचाही अर्धायुष्यावर (निम्मे अणू बदलून जायला लागणाऱ्या काळावर) परिणाम होत नाही, असे तेथे निःसंदिग्धपणे छापले आहे. बहुतेक समस्थानिकांच्या बाबतीत व्यवहारात हे खपून जाते. परंतु बीटा ऱ्हासात केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो किंवा कवचातला इलेक्ट्रॉन केंद्रकात ओढला जातो, आणि या दोन्ही प्रसंगी अणूतील इलेक्ट्रॉनांचा त्या घडामोडीशी थेट संबंध येतो. हे पुस्तिकेने सांगायलाच हवे होते.

बेरिलियम-७ चा लाल चौकोन पाहा. त्यात ५३ दिवस असे अर्धायुष्य दिले आहे. लिथियम-७ होताना त्याच्याजवळ ८६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणुपातळीवरील ऊर्जेचे एकक) ऊर्जा असते, पॉझिट्रॉन सोडायला मात्र १,०२२ लागते. म्हणजे इलेक्ट्रॉन ग्रहणावाचून त्याला दुसरा मार्गच नाही, आणि केंद्रकापाशी इलेक्ट्रॉनांची दाटी किती यावर त्याचा वेग ठरतो. २००४ साली जपानी संशोधकांनी साठ कार्बन अणूंच्या पिंजऱ्यात हा अणू कोंडला तेव्हा अर्धायुष्य ५२.६८ दिवस भरले. बेरिलियम धातूत ते ५३.१२ दिवस होते. फरक एका टक्क्याहूनही कमी आहे, पण तो मोजता आला आणि तो केवळ भोवतालच्या इलेक्ट्रॉनांमुळे पडला.

याहून मोठी गोष्ट डिस्प्रोसियम-१६३ ची. त्याच्या काळ्या चौकोनावर बोट ठेवून एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, "मॅडम, काळा म्हणजे कधीच न बदलणारा का?" तक्त्यावर विसंबून मी हो म्हणून मोकळी झाले असते, तर ते चुकीचे ठरले असते. या चौकोनाला वरच्या डाव्या कोपऱ्यात चिकटलेला होल्मियम-१६३ चा अणू त्याच्यापेक्षा २.८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टने जड आहे, म्हणून इलेक्ट्रॉन बाहेर टाकून डिस्प्रोसियमचे होल्मियम होणे साध्या अणूत घडू शकत नाही. मात्र डिस्प्रोसियमचे सर्वच्या सर्व ६६ इलेक्ट्रॉन काढून टाकले की सर्वांत आतले कवच रिकामे होते. ऱ्हासात तयार होणारा नवा इलेक्ट्रॉन बाहेर न पडता तेथेच बसतो आणि साठ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टहून अधिक बंधनऊर्जा (इलेक्ट्रॉन अणूला बांधला जाताना सुटणारी ऊर्जा) मोकळी होते, त्यामुळे एरवी तोट्यात जाणारा व्यवहार नफ्यात येतो. जर्मनीतील डार्मस्टाट येथील जीएसआय या अणुकेंद्रक संशोधन प्रयोगशाळेच्या साठवण वलयात (इलेक्ट्रॉन काढलेले अणू फिरत ठेवणाऱ्या वर्तुळाकार यंत्रात) १९९२ मध्ये हे प्रत्यक्ष दिसले. तेथे या "स्थिर" समस्थानिकाचे अर्धायुष्य अवघे ४७ दिवस निघाले. ही हकिकत ऐकताना अख्खा वर्ग शांत झाला होता.

ऱ्हेनियम-१८७ च्या निळ्या चौकोनातही हीच उणीव आहे. साध्या अणूत त्याचे अर्धायुष्य सुमारे ४,२०० कोटी वर्षे असते, आणि त्याच्या आधारे भूवैज्ञानिक खडकांचे व उल्कांचे वय काढतात. सर्व इलेक्ट्रॉन काढल्यावर ते सुमारे ३३ वर्षांवर येते, असे त्याच वलयात १९९६ साली आढळले. याचे कारण असे, की नवा इलेक्ट्रॉन कवचात सामावल्यामुळे ऑस्मियम-१८७ च्या ९.७५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या उत्तेजित (जास्त ऊर्जेच्या) स्थितीत जाण्याची वाट मोकळी होते, आणि ती वाट कितीतरी जलद आहे. ताऱ्यांच्या पोटात अणू असेच उघडे पडतात, तेव्हा दीर्घिकेचे वय या घड्याळावरून काढणाऱ्याला ही दुरुस्ती टाळता येत नाही.

पदवीच्या पहिल्या दोन वर्षांसाठी हा तक्ता मी निश्चित सुचवीन. या किमतीत एवढी स्वच्छ छपाई सहज मिळत नाही. पदव्युत्तर वर्गासाठी मात्र पुस्तिकेवर विसंबू नये. तक्त्यातील अर्धायुष्ये विद्युतदृष्ट्या उदासीन अणूंची आहेत, एवढी एक ओळ प्रकाशकांनी पुढील आवृत्तीत रंगसूचीखाली छापावी, असे मी त्यांना पत्राने कळवले आहे. तोवर आम्ही ती ओळ हाताने लिहून तेथे चिकटवली आहे, आणि डिस्प्रोसियमच्या काळ्या चौकोनावर निळ्या शाईने "४७ दिवस, इलेक्ट्रॉनांविना" असे त्या विद्यार्थिनीनेच लिहिले आहे.