ओएलईडी की मिनी एलईडी : कोकणातल्या घरासाठी 65 इंची टीव्ही

आमच्या रत्नागिरीजवळच्या घरी माजघरात 65 इंची ओएलईडी टीव्ही आहे आणि शेजारीच राहणाऱ्या थोरल्या बंधूंनी त्याच मापाचा मिनी एलईडी घेतला. खात्रीसाठी आम्ही दोन्ही टीव्ही त्यांच्या पुढच्या खोलीत शेजारीशेजारी मांडले आणि दुकानात असतो तो भडक ‘विविड’ मोड बंद करून दोन्हींवर चित्र मूळ चित्रपटासारखे दाखवणारा ‘फिल्ममेकर’ मोड लावला. दोन्ही फोर-के, म्हणजे 3840 गुणिले 2160 पिक्सेलचे असल्याने बारकाव्यांत डावे-उजवे करण्यासारखे काही नाही. खरा फरक काळ्या रंगाचा आणि उजेडाचा आहे.

ओएलईडीतला प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळे दाखवायचे तेव्हा पूर्ण विझतो. मिनी एलईडी मूळचा एलसीडीच, म्हणजे पिक्सेल स्वतः न उजळणारा पडदा असून त्याच्या पडद्यामागचे बारीक दिवे गटागटाने मंद-प्रखर होतात. रात्री दशावताराचे एक चित्रीकरण लावले, तेव्हा ओएलईडीवर संकासुराच्या काळ्या वेशाच्या चुण्या मागच्या अंधारातूनही वेगळ्या दिसत होत्या. मिनी एलईडीवर मात्र मंडपातल्या बल्बांभोवती धुरकट वलय पसरून तोच वेश करडा झाला. बाजूच्या बाकावर बसल्यावर मिनी एलईडीचे रंगही फिके पडले, ओएलईडीचे जवळपास तसेच राहिले. रात्री चित्रपट पाहणाऱ्याने दुसरा विचारच करू नये, इतका हा फरक मोठा आहे.

दुपारी मात्र पारडे फिरले. पडवीचे दार उघडे असताना अंगणातला उजेड थेट खोलीत येतो. अशा वेळी क्रिकेटचा सामना लावला, तर मैदानाची हिरवळ मिनी एलईडीवरच टवटवीत दिसते. उजळ चित्राने सगळा पडदा व्यापला की ओएलईडी आपली प्रखरता आपोआप कमी करतो, आणि गडद दृश्यात त्याच्या काचेत खिडकीचे गजसुद्धा मोजता येतात. माजघरासारख्या मुळातच अंधाऱ्या खोलीत हा प्रश्न उद्भवत नाही.

जुन्या एसडी, म्हणजे कमी पिक्सेलच्या वाहिन्या दोन्हीकडे सारख्याच धूसर दिसतात. बंधूंकडे सकाळपासून बातम्या चालू असतात, आणि वाहिनीचे बोधचिन्ह व खालची पट्टी वर्षानुवर्षे एकाच जागी राहिल्यास ओएलईडीवर त्यांचा कायमचा डाग उमटण्याचा धोका असतो. मिनी एलईडीला ही भीती नाही, म्हणून त्या घरासाठी मी तोच सुचवला.