बोअरचं पाणी सोडून आरओवर स्लिप बनवतोय, 8 महिन्यांचा अनुभव

यावल तालुक्यात आमचं छोटं युनिट आहे, प्लास्टरच्या साच्यात स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ चिनीमाती, ओतून चहाचे मग आणि बरण्या काढतो. गेल्या उन्हाळ्यात स्लिप नुसती दह्यासारखी थप्प पडायची, ती पातळ करायला टाकतो ते सोडियम सिलिकेट वाढवलं की अजूनच गच्च. मी पावडरवाल्याशी भांडलो, पोती बदलून आणली, तरी तेच.

घरी बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही म्हणून आई आरओचंच पाणी घेते, हे रोज बघत होतो पण कधी जोडलंच नाही. मग एकदा काचेच्या दोन ग्लासात चमचाभर चायना क्ले हलवली, एकात बोअरचं पाणी, एकात आरओचं, दोन्हीत सिलिकेटचे मोजून तेवढेच थेंब. सकाळी बोअरच्या ग्लासात वर नितळ पाणी आणि खाली कापसासारखा फुगलेला गाळ, आरओचा ग्लास अजून दुधासारखा पांढरा!

कारण साधं आहे, मातीच्या कणांवर ऋण चार्ज असतो म्हणून ते एकमेकांना ढकलतात, बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम तो चार्ज दाबतं आणि कण चिकटून गुठळ्या होतात. आपण गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो ना, तेच काम, तिच्यातल्या अ‍ॅल्युमिनियमवर तर तीन धन चार्ज. वर सिलिकेटचा काही भाग कॅल्शियमशी लढण्यातच संपतो. आता मला कोरड्या मातीच्या 0.3 टक्क्यात भागतं, लिटरभर स्लिपचं वजन 1750 ग्रॅम असूनही धार तुटत नाही.

पण नुसत्या आरओने सगळं सुटत नाही हे नीट ऐका. तिसऱ्या महिन्यात परत घट्टपणा आला, तेव्हा कळलं की साच्याच्या कडेची कातरण मी तशीच परत भिजवत होतो आणि तिच्यात प्लास्टरचा चुरा होता. प्लास्टर म्हणजे जिप्सम, लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमच्या वर विरघळतं, म्हणजे कॅल्शियम परत आलंच, शिवाय त्या सल्फेटमुळे वाळलेल्या मगाच्या कडांवर पांढरी पूड धरते. ते सल्फेट बांधायला काही जण बेरियम कार्बोनेट टाकतात, ते विषारी आहे, मी ठेवत नाही. कातरण चाळून घेतो, प्लास्टर लागलेली सरळ फेकतो.

टीडीएस मीटर घेतला तरी त्यावर डोळे झाकून विसंबू नका, तो क्षार किती ते सांगतो, कॅल्शियम किती ते नाही. मातीऐवजी अ‍ॅल्युमिनाची (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या पुडीची) स्लिप बनवणाऱ्यांनी आधी पीएच बघा, 9 च्या आसपास त्याचा चार्जच शून्यावर येतो.

एकच खटकतं, आरओ बरंच पाणी बाहेर टाकतो आणि आमच्याकडे मे महिन्यात ते बघवत नाही. ते टाकीत धरून साचे सोडून बाकी भांडी, फरशी धुतो. यंदा पत्र्यावरचं पावसाचं पाणी पण साठवलंय, पहिल्या दोन सरी सोडून, त्यातली स्लिप आरओइतकीच छान वाहते.