शेवंती पुढच्या वर्षीही हवी असेल तर काश्या लावाव्यात, कलमं करावीत की नवी कुंडी आणावी?

जानेवारी संपत आला की पुण्यातल्या बाल्कन्यांमध्ये शेवंतीच्या कुंड्या केविलवाण्या दिसायला लागतात. फुलं तपकिरी पडलेली, खालची पानं वाळून काडीला चिकटलेली. मार्गशीर्षातल्या गुरुवारी जिची फुलं देवीला वाहिली, ती कुंडी महिन्याभरात कचऱ्यात जाते. याचं मला मनापासून वाईट वाटतं. शेवंती बहुवर्षायू आहे, आणि वरची फुलं संपतात त्याच सुमाराला बुंध्याशी मातीतून हिरवे कोंब वर यायला लागलेले असतात. याच त्या काश्या. कुंडी टाकण्याआधी एकदा वाकून बघा.

पुढे तीन मार्ग आहेत: काश्या वेगळ्या करून लावायच्या, शेंड्यांची छाट कलमं करायची, नाहीतर दरवर्षी नवी कुंडी आणायची. बियांचा विचार मी करत नाही. शेवंतीच्या जाती संकरातून आलेल्या आहेत, त्यामुळे बियांतून उगवलेलं रोप आईसारखंच फुलेल याची खात्री नसते.

माझं मत आधीच सांगते. घरी एक-दोन निरोगी कुंड्या असतील तर फेब्रुवारीत काश्या लावा, आणि त्याच रोपांचे शेंडे पावसाळ्यात खुडून त्यांची कलमं करा. पण सगळ्यांना दोन्ही जमत नाही. जागा कमी असते, मे महिन्यात घर बंद असतं, कधी झाडच आजारी असतं. एकच मार्ग निवडायचा असेल तर पुढचे फरक लक्षात घ्या.

काश्या: हमखास, पण मोजक्या

फुलं संपली की काड्या मातीपासून १० ते १५ सेंटीमीटर ठेवून छाटायच्या, थोडं शेणखत घालायचं आणि उन्हात ठेवून बेतानं पाणी द्यायचं. दोन-तीन आठवड्यांत काश्या बोटभर होतात. मग माती किंचित ओलसर असताना कुंडी उपडी करायची आणि गड्डा हातावर घ्यायचा. काशी नुसती उपटू नका. बोटांनी माती सैल करत खाली गेलात की प्रत्येक काशी एका पांढरट आडव्या देठानं मूळ बुंध्याला जोडलेली सापडते आणि त्या देठालाच बारीक मुळं फुटलेली असतात. तो देठ मुळांसकट कात्रीनं कापायचा. मधला जून, लाकडासारखा झालेला बुंधा टाकून द्यायचा. त्याच्यापासून पुढे फारसं काही मिळत नाही.

मुळं आधीच असल्यामुळे काशी सहसा मरत नाही. चार इंची कुंडीत लावून आठवडाभर सावलीत ठेवली की ती सावरते. पहिल्यांदाच करणाऱ्यांना मी हेच सुचवते. महाराष्ट्रातले शेतकरीही शेवंतीची लागवड वर्षानुवर्षं काश्यांपासूनच करत आले आहेत.

पण अडचणीही आहेत. काशी जुन्या मातीतून येते, आणि त्या मातीतलं जे काही असेल ते मुळांबरोबर घेऊन येते. मर रोगाची बुरशी, सूत्रकृमी, मुळांवरची कीड, सगळंच. गेल्या वर्षी भरपूर पाणी देऊनही एखादी फांदी अचानक मलूल होऊन वाळली असेल, तर त्या कुंडीतली काशी दुसऱ्या कुंडीत लावू नये असं माझं ठाम म्हणणं आहे. दुसरी गोष्ट, काश्या एकसारख्या नसतात. एक जाडजूड, दुसरी किडकिडीत. त्यामुळे रोपंही मागंपुढं वाढतात आणि फुलतात. शिवाय प्रत्येक जात सारख्या काश्या देत नाही. काही जाती कुंडी भरून देतात, काही दोन-तीनांवरच थांबतात.

आणि मुख्य अडचण पुण्याच्या उन्हाळ्याची. फेब्रुवारीत लावलेल्या काशीला एप्रिल-मे काढायचा असतो. पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारी दोननंतर भिंतसुद्धा तापते. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली देता आली, आणि रोज पाणी घालणारं कोणी असलं, तरच हा मार्ग धरा. सुट्टीत पंधरा दिवस गावी जाणार असाल तर कुंड्या शेजारी ठेवायची सोय आधी करा.

शेंड्याचं कलम: थोडं लक्ष मागतं, पण रोप स्वच्छ मिळतं

पुण्यात याचा उत्तम काळ म्हणजे जूनमधल्या पहिल्या पावसापासून जुलैअखेरपर्यंत. हवेत दमटपणा असतो, ऊन सौम्य असतं, आणि याच वेळी रोप डेरेदार व्हावं म्हणून शेंडे खुडावेच लागतात. खुडलेला प्रत्येक शेंडा म्हणजे एक कलम, हे लक्षात आलं की ते टाकवत नाहीत.

शेंडा निवडताना दोन गोष्टी पाहायच्या. एक, तो बोटांनी वाकवल्यावर कट्‌कन तुटला पाहिजे. नुसता वाकला किंवा साल सुटून धागे निघाले तर काडी जून झालेली आहे. तिला मुळं उशिरा फुटतात. दोन, शेंड्याच्या अगदी मधोमध पाहा. तिथे मिटलेली कोवळी पानं हवीत. त्यांच्या जागी मोहरीएवढा गोल मणी दिसला तर ती कळी आहे. असं कलम मुळं धरायला नाखूष असतं, आणि धरलीच तरी वाढण्याऐवजी बोटभर उंचीवरच फुलायच्या मागे लागतं.

लांबी ५ ते ७ सेंटीमीटर पुरे. पेराच्या जरा खाली धारदार ब्लेडनं सरळ काप घ्यायचा, खालच्या अर्ध्या भागातली पानं काढायची आणि वरची तीन-चार ठेवायची. मग ओलसर माध्यमात दोन सेंटीमीटर खोचायचं. साधारण दोन ते तीन आठवड्यांत मुळं फुटतात. अधूनमधून उपटून बघायची गरज नाही. शेंड्यातून ताजं पोपटी पान निघालं आणि कलम हलकेच ओढल्यावर धरून राहिलं, की काम झालं.

आता माध्यम. पाण्याच्या पेल्यात शेवंतीला मुळं फुटतात, मुलांना दाखवायला ते छानही आहे. पण ती मुळं ठिसूळ असतात आणि मातीत लावताना तुटतात. धुतलेली जाड वाळू चांगली, कुजण्याचा धोका सर्वांत कमी, फक्त लवकर सुकते म्हणून लक्ष ठेवावं लागतं. मला कोकोपीट आणि वाळू निम्मी-निम्मी हे मिश्रण पसंत आहे. कोकोपीटची वीट भिजवल्यावर पाणी दोनदा बदला, त्यातले क्षार निघून जातात. कुंडीतली जुनी माती मात्र नको. पावसाळ्यात तिच्यात कलमं बुडापासून काळी पडून बसतात.

मुळं फुटायची पावडर, म्हणजे आयबीए, कोवळ्या काडीसाठीच्या सौम्य प्रमाणात वापरली तर मुळं लवकर आणि सारखी येतात. पण शेवंती मुळातच सहज धरणारी आहे. पाच-सहा कलमांसाठी मुद्दाम डबी आणायची गरज नाही. कोरफडीचा गर, मध, दालचिनी या उपायांवर माझा भरवसा नाही. चांगला शेंडा आणि स्वच्छ वाळू यांनी जास्त फरक पडतो.

प्लास्टिकच्या पिशवीखाली झाकायचं का? फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत कलम केलं तर हो. जुलैत अजिबात नाही. त्या दिवसांत हवेतच इतका ओलावा असतो की झाकल्यावर दोन दिवसांत बुरशी धरते. पाऊस थेट न लागणारी, उजेडाची जागा पुरते.

कलमाचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे जुनी माती मागे राहते. आजारी कुंडीतली आवडती जात वाचवायची असेल, तर वरचा निरोगी शेंडा हाच उपाय. विषाणूजन्य रोग मात्र कलमातूनही येतात. पानं चट्ट्यापट्ट्याची किंवा झाड विनाकारण खुजं राहिलेलं असेल, तर त्याचं काहीच घेऊ नका. रोपं एकाच वयाची मिळतात, त्यामुळे फुलंही जवळपास एकदम येतात. मैत्रिणीकडची शेवंती हवी असेल तर तिची कुंडी उपडी करायला लावण्यापेक्षा तीन शेंडे मागणं सोपं! ओल्या कापडात गुंडाळून आणले तर संध्याकाळपर्यंत सहज टिकतात. आणि ज्यांचं घर मे महिन्यात बंद असतं त्यांच्यासाठी हाच मार्ग. रोप जगवायचं काम दुसऱ्याकडे, तुम्ही जूनमध्ये सुरुवात करायची.

नवी कुंडी

फक्त दिवाळीला दारात भरगच्च रंग हवा असेल, तर हडपसर, मांजरी, उरुळी कांचनच्या पट्ट्यातल्या रोपवाटिकांमधून तयार कुंडी आणा, त्यात काही कमीपणा नाही. बाल्कनीत तीन-चार तासही ऊन येत नसेल तर मी हेच सांगेन, कारण सावलीत वाढवलेली शेवंती लांबुडकी होते आणि कमी फुलते.

दोन गोष्टी माहीत असाव्यात. त्या कुंडीत बहुधा एकच झाड नसून तीन-चार कलमं एकत्र लावलेली असतात. आणि कुंडीतली शेवंती बुटकी राहावी म्हणून अनेकदा वाढ रोखणारं द्रव्य वापरलेलं असतं. पुढच्या वर्षी तिच्याच काश्या उंच वाढल्या तर जात बदलली असं समजू नका. आता ती आपल्या खऱ्या उंचीला आली. जात निवडायला मात्र फुललेली कुंडी समोर बघण्यासारखं दुसरं काही नाही. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे डोळे भरून पाहून या.

काशी असो की कलम, पुढचं सारखंच

लावल्यावर महिन्याभरानं पहिला शेंडा खुडायचा, नव्या फांद्या वाढल्या की पुन्हा, आणि ऑगस्टअखेर थांबायचं. त्यानंतर खुडलं तर कळ्याच जातात. ऑगस्टमध्ये केलेल्या कलमांना खुडूच नका. ती लहान कुंडीत एका काडीवर फुलू द्या, गोड दिसतात. पावसात खालच्या पानांवर काळे ठिपके दिसले की ती पानं लगेच काढायची आणि पाणी पानांवर नव्हे, मातीत घालायचं. थंडी सुरू होताच कळ्यांवर मावा येतो, तेव्हा निंबोळी तेलाची फवारणी संध्याकाळी.

शेवंती रात्र मोठी झाल्यावर कळ्या धरते. पुण्यात जूनअखेर दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकरा तासांचा. त्या उतरत्या उजेडावरच झाड चालतं. म्हणून सप्टेंबरपासून कुंडी रस्त्यावरच्या दिव्याच्या किंवा सोसायटीच्या रात्रभर जळणाऱ्या ट्यूबच्या झोतात ठेवू नका. झाड हिरवंगार, खतपाणी वेळेवर आणि नोव्हेंबर उलटला तरी कळी नाही, अशी तक्रार असेल तर खत बदलण्याआधी रात्री दहा वाजता बाल्कनीत जाऊन पानांवर कुठला उजेड पडतोय ते बघा, आणि कुंडी त्या उजेडातून बाजूला सरकवा.