तयार बोर्ड, सूत्र की मोजमाप? घरी बनवलेल्या स्पीकरचा क्रॉसओव्हर

साडेसहा इंची वूफर आणला, एक इंची सिल्क डोमचा ट्वीटर आणला, कॅबिनेटही कापून झालं. आता क्रॉसओव्हर (खालचे स्वर वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटून देणारं सर्किट) कुठला, इथे बरेच जण अडतात. वाटा तीन आहेत: मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतो तसा तयार बोर्ड, सूत्रावरून काढलेले आकडे, नाहीतर स्वतः मोजून केलेलं डिझाइन. तिन्ही करून पाहिल्यावर माझा कौल तिसऱ्याला आहे.

तयार बोर्ड एका संध्याकाळी जोडून होतो आणि ट्वीटर जळू न देण्याचं काम नीट करतो. पण बनवणाऱ्याने तुमचे ड्रायव्हर, म्हणजे वूफर आणि ट्वीटर, पाहिलेलेच नसतात. तेवढ्याच सिग्नलवर वूफर ८६ डेसिबल आणि ट्वीटर ९२ वाजत असला, तर ट्वीटरला ६ डेसिबल खाली आणावं लागतं. ८ ओहमच्या ट्वीटरसाठी त्याला ४ ओहम मालिकेत आणि ८ ओहम समांतर, असे दोन सिमेंट रेझिस्टर पुरतात. ते बोर्डवर नसले की गाण्यातला प्रत्येक ‘स’ कानाला टोचतो. घोषणांसाठी, कार्यक्रमासाठी स्पीकर हवा असेल तर बोर्ड घ्या. रोज गाणं ऐकायचं असेल तर नको.

सूत्राची वाट जास्त फसवी, कारण आकडे अगदी नेमके येतात. २५०० हर्ट्झवर विभागणी, ८ ओहम, दुसऱ्या ऑर्डरचा (प्रत्येक ड्रायव्हरला एक कॉइल, एक कपॅसिटर) लिंकविट्झ-रायली प्रकारचा फिल्टर: कॉइल १.०२ मिलिहेन्री, कपॅसिटर ४ मायक्रोफॅरड, ट्वीटरच्या तारा उलट. आता वूफरला मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा म्हणून घेतलेला वूफर ६ च्या आसपास दाखवतो. व्हॉइस कॉइलचं इंडक्टन्स ०.६ मिलिहेन्री धरलं, तर २५०० हर्ट्झवर तोच ११ ओहमच्या घरात जातो. मग ८ ओहम धरून काढलेला फिल्टर ठरल्या जागी कापेल कसा? वूफरला समांतर झोबेल, म्हणजे रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी (साधारण ७.५ ओहम आणि १० मायक्रोफॅरड मालिकेत) लावला की ही चढण बरीच सपाट होते.

पण कॅबिनेटच्या पुढच्या फळीचं काय? फळी २० सेंटिमीटर रुंद असेल तर खालचे स्वर तिला वळसा घालून मागे जातात. ५७५ हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल आणि त्याच्या बरंच खाली ६ डेसिबलपर्यंत आवाज समोरून कमी होतो. आपल्याकडे स्पीकर बहुधा भिंतीला लागूनच असतो, त्यामुळे थोडं परत मिळतं. मी ३-४ डेसिबलचीच भरपाई करतो. त्यासाठी सूत्रातली १ मिलिहेन्रीची कॉइल प्रत्यक्षात दीड-दोनची होते. घरी केलेले कितीतरी स्पीकर पातळ वाजतात ते इथेच.

म्हणून मोजमाप. पहाटे, रहदारी सुरू होण्याआधी, गच्चीवर टेबलावर स्टूल चढवून स्पीकर सव्वा मीटर उंच ठेवायचा. मायक्रोफोन ट्वीटरच्या उंचीवर, एक मीटर समोर. जमिनीवरून परतणारा आवाज सुमारे ५ मिलिसेकंद उशिरा येतो, तेवढ्या वेळाच्या खिडकीत २०० हर्ट्झच्या वरचं सगळं विश्वासाने मिळतं. मोजणीचं सॉफ्टवेअर आरईडब्ल्यू मोफत आहे, क्रॉसओव्हरच्या सिम्युलेशनचं व्हिट्युइक्सकॅडही मोफत. फक्त यूएसबी मायक्रोफोन असेल तर टायमिंग रेफरन्स चालू करायला विसरू नका, नाहीतर दोन ड्रायव्हरमधला फेज (लहरी एकमेकींच्या किती पुढे-मागे आहेत ते) हाती लागत नाही आणि पुढचं सिम्युलेशन वाया जातं.

ट्वीटरचा स्वतःचा उतार आणि साधा दुसऱ्या ऑर्डरचा फिल्टर मिळून चौथ्या ऑर्डरच्या जवळ जातो, हे स्क्रीनवर दिसतं तेव्हा चार भाग जास्तीचे घेण्याची गरज उरत नाही. सगळं जोडल्यावर ट्वीटरच्या तारा मुद्दाम उलट करून पुन्हा मोजा. २५०० हर्ट्झवर २०-२५ डेसिबलचा खोल खड्डा पडला, तर तारा सरळ केल्यावर दोघं एका सुरात आहेत. माझ्या पहिल्या जोडीत खड्डा जेमतेम ८ डेसिबलचा होता. कॉइलचे थोडे वेढे उलगडले, पुन्हा मोजलं, आणखी उलगडले. तिसऱ्या खेपेला तो २४ वर गेला आणि गाणारीचा आवाज दोन ड्रायव्हरमधून येतोय हे जाणवेनासं झालं.

पैसे मायक्रोफोनवर आधी घाला, महागड्या पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटरवर मग. ट्वीटरच्या मालिकेत फिल्म कपॅसिटर हवा, झोबेलमध्ये बायपोलर इलेक्ट्रोलिटिक चालतो. कॉइल एकमेकींशी काटकोनात बसवा.

थ्री-वे, म्हणजे तीन ड्रायव्हरचा स्पीकर करणार असाल तर हिशेब बदलतो. ३०० हर्ट्झवर ८ ओहमला त्याच फिल्टरची कॉइल साडेआठ मिलिहेन्रीची आणि कपॅसिटर ३३ मायक्रोफॅरडचा लागतो. एवढ्या कॉइलचा रोधच बेस ढिला करतो. तिथे खालचा भाग डीएसपी (डिजिटल फिल्टर) आणि वेगळ्या अॅम्प्लिफायरकडे द्या, वरचा पॅसिव्ह, म्हणजे कॉइल-कपॅसिटरचाच ठेवा. टू-वेला मात्र पॅसिव्हच: जोडी कुठेही न्या, कुठल्याही अॅम्प्लिफायरला लावा, वाजते.